मशीनच्या पाठीवरचं कुंकू

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत त्रिवेणीला नावानं ओळखणारे थोडे. बाकी सगळ्यांची ती नेटवाली अक्का. मराठी घरातली पोरंही तिला अक्का म्हणायची आणि तेलुगू घरातलीही, त्यामुळे तो शब्द नक्की कुठल्या भाषेतला याची चौकशी कुणी केली नाही. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, आईवडिलांच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं नेट सेंटर होतं. बाई मोठी फटकळ. की-बोर्डशेजारी कुणी चहाचा पेला ठेवला की ती पेलाही उचलायची आणि गिऱ्हाईकही. तरी अमेरिकेच्या कॉलेजांचे अर्ज भरणारी पोरं तिच्याकडंच यायची. अर्ज भरताना मध्येच लाईन गेली तर पोरापेक्षा तीच जास्त चिडायची आणि लाईन आल्याशिवाय जागची उठायची नाही.

हा हट्ट तिनं बापाकडून उचलला होता. दत्तोबा मूळचे उदगीरकडचे. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं असताना घरची जमीन भावांच्या हवाली करून ते या शहरात आले आणि सिटी बसवर कंडक्टर झाले. त्यांचा आवाज खडा. मागच्या दारात उभं राहून त्यांनी "नारायणगुडा, चिक्कडपल्ली, क्रॉस रोड" अशी हाळी दिली की पुढच्या थांब्यावरची माणसं पिशव्या उचलून तयार व्हायची, असं सांगतात. सांगणाऱ्यांनी थोडं वाढवलं असेल, पण फार नाही. लेकीला त्यांनी जामबागच्या मराठी शाळेत घातलं, पुढं विद्यानगरच्या कॉम्प्युटर क्लासला पाठवलं. तेव्हा हैदराबादेत दर दुसऱ्या इमारतीवर असल्या क्लासची पाटी लागत होती, आणि शहाणी म्हणवणारी माणसं विचारत होती की पोरीला हे कशाला. दत्तोबा म्हणायचे, "तुमच्या पोरीला पाठवू नका, मग माझीला जागा मिळंल." लग्नानंतर त्रिवेणीनं सेंटर काढायचं ठरवलं तेव्हा स्वतःची बसायची खोली त्यांनी रिकामी करून दिली आणि आपली खाट मागच्या पडवीत नेली.

सुशीलाबाईंना, म्हणजे त्रिवेणीच्या आईला, हे अजिबात पसंत नव्हतं. दारात परक्या पोरांच्या चपलांचा ढीग, आणि देवाला दिवा लावायच्या वेळी आत टकटक चाललेली. पण धाकटा मुलगा युवराज अमेरिकेला गेला, त्याचे फोटो त्याच खोलीतल्या पडद्यावर दिसायला लागले, तशा बाई विरघळल्या. पुढं पुढं तर मशीनवर धूळ दिसली की पदरानं पुसायला त्याच आधी.

आता या सेंटरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खोलीत भिंतीला लागून ओळीनं कॉम्प्युटर होते, पण बाहेरच्या जगाशी बोलणारं त्यातलं एकच. त्याला त्रिवेणी 'मुख्य मशीन' म्हणायची. केबलवाल्याची तार गच्च्यांवरून येऊन या मुख्य मशीनला लागायची आणि दुसरी तार त्यातून निघून घरातल्या बाकीच्या मशीनांकडं जायची. सकाळी एखादं मशीन चालू केलं की ते आधी हाक मारतं, मला नंबर द्या. मुख्य मशीन त्याला आपणहोऊन एक नंबर देतं. तो नंबर म्हणजे त्याचा पत्ता. पत्ता मिळाला की ते जगाशी बोलायला मोकळं. आणि हाकेला कुणी ओ दिली नाही, तर ते बिचारं वाट बघून बघून स्वतःच स्वतःला एकशे एकोणसत्तरनं सुरू होणारा एक नंबर लावून घेतं आणि गप्प बसतं. त्या नंबराला बाहेर कुणी विचारत नाही. एकशे एकोणसत्तर दिसला की त्रिवेणीच्या कपाळाला आठी पडायची.

मुख्य मशीनच्या पाठीमागं दोन खाचा होत्या, एकीखाली एक, दिसायला अगदी सारख्या. वरच्या खाचेत केबलवाल्याची तार, खालचीत घरातली. सेंटर उघडलं त्या दिवशी चुकू नये म्हणून तिला वरच्या खाचेशी खूण करायची होती. नेलपॉलिश घरात नव्हतं, बाजारात जायला सवड नव्हती. समोर आईचा कुंकवाचा करंडा होता. तिनं चिमूटभर कुंकू डिंकात कालवलं आणि वरच्या खाचेशेजारी एक ठिपका दिला. काम झालं आणि ती विसरून गेली.

सुशीलाबाईंनी मात्र तो ठिपका पाहिला. त्यांनी त्याचा अर्थ त्यांच्या परीनं लावला. लेक वरून कितीही तडतडली तरी मशीनला गुपचूप कुंकू लावते, या विचारानं त्यांना भरून आलं. ठिपका कशासाठी आहे हे त्यांनी लेकीला विचारलं नाही. शेजारणींना मात्र सांगितलं.

दोन हजार एक साल उजाडलं ते दत्तोबांचा घसा घेऊन. आधी आवाज बसला, मग घोगरा झाला, मग डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. पावसाळा संपेपर्यंत त्यांचा आवाज पुरता गेला. ज्या माणसाची हाळी पुढच्या थांब्यावर जायची त्याला पाणी मागायला हातानं खूण करावी लागत होती. युवराजचा फोन आला की ते रिसीव्हर कानाला लावून नुसतं ऐकायचे. पलीकडून पोरगा "आबा, आबा" म्हणायचा, आणि हे बोटानं रिसीव्हरवर टकटक करून आपण आहोत एवढं कळवायचे. ते बघवत नव्हतं. त्रिवेणी अशा वेळी खोलीतून निघून जायची.

युवराज येऊ शकत नव्हता. तिकडं कंपन्या धडाधड बंद पडत होत्या, त्याची नोकरी गेली होती, नवे कागद हातात आले नव्हते. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील याचा भरवसा नव्हता. त्याला जाऊन तीन वर्षं होत आली होती. ऑपरेशनचा दिवस दसऱ्यानंतरचा ठरला तेव्हा दत्तोबांनी त्रिवेणीला जवळ बोलावलं. आधी तिच्या मशीनकडं बोट दाखवलं, मग दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांशी नेली, मग हात उंच करून पोराची उंची दाखवली. पोराचं तोंड बघायचंय. ऑपरेशनच्या आधी. ते परत येतील का नाही हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नव्हतं, आणि कंडक्टरकी केलेल्या माणसाला न सांगितलेलंही कळतं.

"एवढंच ना आबा?" त्रिवेणी म्हणाली. "दसऱ्याच्या सकाळी दाखवते. सोनं पण त्यालाच द्या."

तिनं कॅमेरा आणला, तो एका मशीनवर बसवला, युवराजला वेळ कळवली. दोनदा करून पाहिलं. चित्र थोडं अडखळत यायचं, पण यायचं. आता काळजीचं काही कारण उरलं नव्हतं.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. दत्तोबांचा तिकीट पंच करायचा चिमटा, सुशीलाबाईंची विळी, त्रिवेणीचा नवरा विक्रम राणीगंजला पंपांच्या दुकानात होता, त्याचे नट पिळायचे पाने, आणि या वर्षी सुशीलाबाईंचा आग्रह, की मुख्य मशीनही चौरंगावर आलं पाहिजे. सेंटर बंदच होतं. त्रिवेणीनं तारा सोडवल्या आणि मशीन देवघरात उचलून नेलं. बाईंनी ते ओल्या फडक्यानं चहूबाजूंनी पुसलं, झेंडूची माळ घातली, पुढं, वर, मागं सगळीकडं हळदकुंकू वाहिलं. नंतर स्वयंपाकघरातून त्यांनी लेकीला सांगितलंही, "मागचं तुझं कुंकू पुसलं गेलं गं माझ्या हातून. मी ताजं लावलंय बघ तिथंच."

"बरं केलंस," त्रिवेणी म्हणाली. ती तेव्हा पडवीत बापाच्या औषधाचं बघत होती. तिनं ऐकलं आणि नाही ऐकलं.

संध्याकाळी तिला वाटलं, मशीन जागेवर नेऊन एकदा लावून बघावं. आई आडवी आली. "पूजेत बसलेलं हत्यार उठवतेस का? उद्या उत्तरपूजा झाली की काय करायचं ते कर." त्रिवेणीनं फार ताणलं नाही. बाप आजारी असताना आईच्या देवाशी भांडायला तिची जीभ उचलली नाही.

दसऱ्याच्या सकाळी माळ उतरली, मशीन जागेवर आलं. त्रिवेणी टेबलाखाली शिरली. अंधार होता, तिनं बॅटरी मारली. कुंकू दिसलं त्या खाचेत केबलवाल्याची तार घातली, दुसरीत घरातली. टक टक असा दोन्ही तारांचा आवाज आला, दोन्हीकडं हिरवे दिवे लागले. ती हात झटकत बाहेर आली.

दत्तोबांनी त्या दिवशी पांढरं धोतर आणि टोपी घातली होती. सुशीलाबाईंनी त्यांना धरून आणलं आणि कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. हातात आपट्याचं पान होतं. त्रिवेणीनं मशीन चालू केलं आणि पडद्यावर उत्तर आलं: एकशे एकोणसत्तर.

"आत्ता येतंय आबा," ती म्हणाली.

तिनं नंबर सोडला आणि पुन्हा मागितला. मशीननं थोडा विचार केल्यासारखं केलं आणि तोच नंबर दाखवला. शेजारचं मशीन चालू केलं, तिथंही एकशे एकोणसत्तर. सगळी चालू केली, सगळीकडं तेच. तारा जिथं एकत्र येतात तो डबा बंद करून चालू केला. मुख्य मशीन बंद करून चालू केलं. मुख्य मशीनलाही बाहेरचं काही दिसत नव्हतं. तिनं हातानं नंबर भरून बघितले. मशीनांनी ते मुकाट्यानं घेतले आणि बाहेरचा एकही दरवाजा उघडला नाही. केबलवाल्याची तार सरळ कॅमेऱ्याच्या मशीनला लावून बघितली. केबलवाल्याकडं नोंद फक्त मुख्य मशीनची, त्यानं ओळख दिली नाही. ती तार पुन्हा कुंकवाच्या खाचेत नेऊन घातली. तारा धड, दिवे हिरवे, आणि हाकेला ओ नाही. असलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. तुटलेली तार तिला समजली असती.

फोन वाजला. युवराज होता. "अक्का, मी बसलोय. तुम्ही दिसंनात."

"बस जरा. लाईनचं काहीतरी झालंय."

"आबा आहेत?"

"समोरच आहेत. टोपी घालून बसलेत." एवढं सांगून तिनं फोन ठेवला.

शेजारच्या इमारतीत मानसी नावाची पुण्याची मुलगी राहायची. नवराबायको दोघं माधापूरला सॉफ्टवेअरमध्ये, घरी कॉम्प्युटर, लाईन याच केबलवाल्याची. त्रिवेणी चप्पल न घालता तिच्याकडं धावली. बापाला दोघांनी उचलून तिथं आणलं तरी चालणार होतं.

"अहो त्रिवेणीताई, आमचंही सकाळपासून बंद आहे," मानसी म्हणाली. "मी तुम्हालाच विचारायला येणार होते. खालच्या रेड्डींचंही बंद आहे."

त्रिवेणीनं तिच्या पडद्याकडं एक नजर टाकली. पान उघडत नव्हतं, एवढंच तिनं पाहिलं. म्हणजे दोष आपला नाही, केबलवाल्याचा! तिला त्यातल्या त्यात धीर आला. पत्ता कोणता मिळालाय हे बघायला तिथं एका क्लिकचं काम होतं. रोज दुसऱ्यांच्या मशीनवर पहिल्यांदा तेच बघणारी बाई, त्या दिवशी बघितलं नाही. पुढं कितीतरी वर्षं तिला जेवताना, अंघोळ करताना ते आठवायचं आणि ती जागच्या जागी थांबायची.

केबलवाल्यानं फोन उचलला तो पूजेच्या गडबडीत. "अक्का, लाईन बराबर है. आपकी गल्लीच बैठी है, बाकी सब चालू है. दसरा है ना, लडके लोगां गांव कू गये. मैं खुद आतूं, ठैरो जरा."

"ठैरने कू टाईम नै मेरे पास!" ती ओरडली. "मेरे बाबा बैठे हैं इधर!"

"आतूं बोला ना अक्का."

मग वाट बघणं आलं. त्रिवेणी टेबलाखाली जाऊन तारा दाबून बघायची, वर येऊन नंबर मागायची, तोच नंबर बघायची, पुन्हा खाली जायची. तिच्या गुडघ्यांना झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. सुशीलाबाई देवासमोर जाऊन हात जोडून यायच्या आणि विचारायच्या, "आलं का गं?" दत्तोबा काळ्या कॅमेऱ्याकडं बघत बसले होते. गल्लीत दसऱ्याची माणसं नव्या कपड्यांत जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन हिंडत होती, एकमेकांच्या हातात पानं देत होती. त्यांचं हसणं खिडकीतून आत येत होतं.

मग दत्तोबांना धाप लागली. आधी थोडी, मग छातीचा भाता वरखाली व्हायला लागला. घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. विक्रमनं डॉक्टरांना फोन लावला आणि तो ठेवताना त्याचा चेहरा उतरला.

"आत्ताच्या आत्ता आणा म्हणतायत. सूज वाढली असंल तर श्वासाची वाट बंद होईल. ते लगेच टेबलावर घेणार आहेत."

तो रिक्षा आणायला धावला. दत्तोबांनी तळहात वर केला. थांबा. तोच हात, बस थांबवायला ते वर करायचे तो. त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

"अहो चला," सुशीलाबाई रडायला लागल्या. "नंतर बघू की पोराला."

त्यांनी मान हलवली. खुर्चीचा दांडा घट्ट धरला. रिक्षा दारात आली, विक्रमनं काखेत हात घातला, तरी ते उठेनात. डोळे त्रिवेणीकडं. तू सांग, असं ते डोळे म्हणत होते. या घरात मशीनचं तिला कळत होतं. ती म्हणाली असती, आत्ता येतंय, तर ते बसले असते.

त्रिवेणीला माहीत नव्हतं, येतंय का नाही. देवा, कुणाला तरी कळू दे काय बिघडलंय, माझं सगळं शिकलेलं काढून घे पण एवढं कळू दे, असं तिच्या मनात चाललं होतं. आणि समोर बापाचे ओठ निळसर पडत होते. ती खुर्चीपाशी बसली आणि त्यांची बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवली.

"आबा, तुम्ही निघा. लाईन नाही येत आज. ऑपरेशन होऊ द्या, मी दवाखान्यात मशीन आणून दाखवते तुम्हाला. शब्द आहे माझा."

दत्तोबांनी तिच्याकडं पाहिलं. मग हातातलं आपट्याचं पान त्यांनी कॅमेऱ्याखाली, की-बोर्डवर ठेवलं. ते नीट सरळ केलं. विक्रमनं आणि सुशीलाबाईंनी त्यांना दोन्हीकडून धरून नेलं. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, वळणावर हॉर्न वाजला, आणि गल्ली पहिल्यासारखी झाली.

त्रिवेणी एक मिनिटही मोकळी बसली नाही. युवराज तिकडं बसून होता. त्याला सांगायचं होतं. ती फोनकडं वळली तोच मानसी दारात आली.

"ताई, आमच्याकडं नंबर तर मिळतोय हो. नेहमीपेक्षा वेगळाच आहे, म्हणून म्हटलं सांगावं. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, आठ."

"काय म्हणालीस?"

मानसीनं पुन्हा सांगितलं.

तो नंबर केबलवाल्याचा नव्हताच. केबलवाला दहानं सुरू होणारे नंबर द्यायचा. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, हे तर तिच्या घरातले नंबर! तिचं मुख्य मशीन तिच्या पोटच्या मशीनांना देतं ते. ते मानसीच्या घरी कसे गेले? रेड्डींच्या घरी कसे गेले? जाणार कसे, तर केबलवाल्याच्या तारेवरून, उलट्या वाटेनं. सकाळपासून तिचं मशीन सगळ्या गल्लीला पत्ते वाटत बसलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक हाकेला त्यानं ओ दिली होती, आणि खुर्चीत टोपी घालून बसलेल्या तिच्या बापापुढचं मशीन मात्र उपाशी होतं.

ती टेबलाखाली शिरली. बॅटरी मारली. कुंकवाचा ठिपका खालच्या खाचेशी होता. आणि तो नुसता कुंकवाचा नव्हता. कुंकवाखाली हळद होती. पिवळ्यावर लाल, बोटानं नीट टेकवलेलं. त्रिवेणीनं लावलं होतं ते नुसतं कुंकू, डिंकात कालवलेलं. हळदीशिवाय कुंकू तिची आई कधीच कशाला लावत नाही. वरच्या खाचेशी, जिथं तिची खूण होती तिथं, ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेला पत्रा चमकत होता.

मागचं तुझं कुंकू पुसलं गेलं गं. मी ताजं लावलंय बघ तिथंच. आता तिला ते शब्द पूर्ण ऐकू आले.

तारा बदलायला काही लागलं नाही. वरची खाली, खालची वर. मुख्य मशीन पुन्हा सुरू केलं, कॅमेऱ्याच्या मशीनवर नंबर मागितला, आणि त्यानं तो लगेच दिला. सगळं इतकं सोपं होतं की तिला किंचाळावंसं वाटलं. पडदा हलला, चौकट उघडली आणि तीत युवराज आला. दाढी वाढलेली, मागं दिवा, अंगात नवा शर्ट. तिकडं रात्र होती, तरी पोरगा दसऱ्याचा शर्ट घालून बसला होता.

"दिसलं! अक्का, दिसलं!" तो पुढं वाकला. त्याचं चित्र अडखळलं आणि पुन्हा चाललं. "आबा कुठायत? खुर्ची दिसायलीय नुसती. आबांना बोलव की."

त्रिवेणी खुर्चीच्या बाजूला उभी होती. तिला चौकटीत यायचं धैर्य होईना. की-बोर्डवर आपट्याचं पान होतं. तिनं ते उचललं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

"तुला दिलंय," ती म्हणाली. "आत्ताच गेले रे."

युवराज आधी हसला. त्याला वाटलं, आत गेले, येतील. मग तिनं दवाखान्यात नेल्याचं सांगितलं. पडद्यावरचा त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि लाईन अडखळत असल्यामुळे ते बदलणं तिला तुकड्यातुकड्यांनी बघावं लागलं.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा दत्तोबांना आत नेलं होतं. ऑपरेशन झालं, पण ते शुद्धीवर आले नाहीत. कोजागरीच्या आदल्या दिवशी गेले. दवाखान्यात मशीन नेण्याचा तिचा शब्द तसाच राहिला.

दहाव्याला माणसं जमली होती तेव्हा सुशीलाबाई कुणाला तरी सांगत होत्या, "लेकरू तिकडं वाट बघायलं, हे इकडं वाट बघायले, आणि लाईनच मेली. पूजा केली मी त्या मशीनीची, तरी दगा दिला मेलीनं." मग त्यांनी त्रिवेणीला हाक मारली. "काय झालं होतं गं त्या दिवशी? कळलं का काही?"

त्रिवेणीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला. समोर आईचा चेहरा एवढासा झालेला, कपाळ मोकळं. ज्या बोटानं त्या करंड्यातून कुंकू घ्यायच्या ते बोट पदराशी चाळा करत होतं.

"केबलवाल्याचं काहीतरी होतं, आई," ती म्हणाली.

केबलवाल्याला तिनं स्वतः जाऊन सगळं खरं सांगितलं आणि हात जोडले. घरी काही बोलू नको, एवढंच मागितलं. माणूस भला, त्यानं शब्द पाळला. तो गल्लीत तारा बघायला आला की सुशीलाबाई त्याला ऐन दारात धारेवर धरायच्या, दसऱ्याच्या दिवशी माझ्या घरचं माणूस पोराचं तोंड न बघता दवाखान्यात गेलं तुझ्या लाईनीपायी म्हणून. तो मान खाली घालून "हौ अम्मा, गलती हुई" म्हणायचा. बाई आत वळल्या की त्रिवेणी त्याला पाणी नेऊन द्यायची, आणि दोघं एकमेकांकडं न बघता ते देणंघेणं उरकायची.

युवराजलाही तिनं तेच सांगितलं. त्याचे कागद झाले तसा तो येऊन गेला, बापाच्या फोटोसमोर बसला, मशीनशी बसला. एकदा त्यानं विचारलं, "पण मग नंतर आपोआप कशी आली गं लाईन?" तो त्याच धंद्यातला, त्याला असलं उत्तर पटण्यासारखं नव्हतं. त्रिवेणी म्हणाली, "आली बाबा आपोआप." त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला तिला वाटलं होतं, आई या वेळी मशीन चौरंगावर मागणार नाही. पण सुशीलाबाई तबक घेऊन सेंटरच्या दारात आल्या. विधवा बाई म्हणून पूजेला त्या पुढं होत नसत, त्यांनी तबक लेकीच्या हातात दिलं. मग त्यांचं मन ऐकेना. त्यांनी तबक परत घेतलं.

"एक बोट मीच लावते," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी माझ्या हातून काही चुकलं असंल पूजेत. म्हणून दगा दिला का गं हिनं?"

"नाही आई. तुझ्या हातून काही चुकलं नाही."

"खरं सांगतीस?"

"खरं."

सुशीलाबाईंनी आधी हळदीत बोट बुडवलं, मग कुंकवात. "कुठं लावू? तू लावायचीस तिथंच लावते."

त्रिवेणीनं दोन्ही तारा सोडवल्या आणि मशीनची पाठ आईकडं फिरवून, वरच्या खाचेशी बोट ठेवून धरली.